रिकामी नळी

प्रिय भुकटीबहाद्दर,

हे नाव तुला बाबांनीच ठेवलं होतं, आणि कौतुकानं ठेवलं नव्हतं. गॅसचं इंधन बनवणारी तुझी भुकटी काजळली की तुझ्या हाताला गुण नाही म्हणायचे, आणि तू बिचारा खाली मान घालून पुन्हा निकेल घोटायला बसायचास. मला तेव्हा दोघांचाही राग यायचा.

बाबांची प्रयोगशाळा बंद झाली. खोलीत आता बॅटऱ्यावाले येणार आहेत. मी आवराआवर करतेय, म्हणजे खरं तर धूळ इकडची तिकडे. गॅस मोजायचं यंत्र त्यांना हवंय, पण चालतं हे दाखवा म्हणाले. आपली क्वार्ट्झची नळी बांधाबांधीत फुटली, म्हणून मोरीखालून बाबांची जुनी स्टीलची नळी काढली. तीच, जिच्यात त्यांना शंभरातला ब्याण्णव भाग गॅस पालटून मिळाला होता. भुकटी भरायचा कंटाळा केला. यंत्राचा काटा हलला की झालं, म्हणून गळका सांधा आवळून रिकामीच भट्टीत बसवली आणि कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन सोडून दिले.

ब्याण्णव आले रे. भुकटीचा कणही नसताना. मी वेड्यासारखी नळी काढून पुसून पुन्हा लावली, पुन्हा तेच. स्टीलमध्येच निकेल असतं हे शेंबडं पोर सांगेल. ती नळीची भिंतच काम करत होती. संध्याकाळपर्यंत तीही काजळीनं बुजली, आतून पोखरून निघाली. म्हणजे इंधन बनवायला तिचाही उपयोग शून्य. तू एकदा भीत भीत म्हणाला होतास, आधी रिकामी नळी तापवून बघू या का. फुकट गॅस कोण जाळणार म्हणून बाबा केवढे खेकसले होते! पुढे ती नळी सांध्याशी गळायला लागली, क्वार्ट्झची आली, तिच्या काचेत निकेल नाही, आणि तिच्यात तू जे काही मोजलंस ते ब्याण्णवच्या खाली असलं तरी खरं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

बाबांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि विचारलं की भुकटीबहाद्दराला जमलं का. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. हल्ली मला ते नर्सबाई म्हणतात. तुझं नाव मात्र विसरलेले नाहीत.

परवा तुझं पत्र आलं. तिकडच्या कारखान्यात काम संपल्यावर अजून भट्टी लावतोस, वर्षभरात ब्याण्णव गाठणार, आणि मग बाबांसमोर ताठ मानेनं उभा राहून मला मागणार आहेस. म्हणून लिहितेय. तो आकडा कुठल्याच भुकटीचा नव्हता, तुझ्या काय, कुणाच्याच हातून यायचा नाही. भट्टी बंद कर. तसाच ये, असं लिहिलं आणि खोडलं, दोनदा. ज्यांच्यासमोर तुला उभं राहायचं होतं ते आता कुणाला हो म्हणतील आणि कुणाला नाही, त्यांचं त्यांनाच कळत नाही. मी आहे इथं. पण इतक्या वर्षांत माझ्यासमोर येऊन उभं राहायचं तू कधी म्हणालाच नाहीस.

तुझीच, असं सवयीनं लिहिणारी,
मी