बारा वीसची वेळ

ताईस धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देईल तेवढा).

पत्र मिळालं. भावोजींचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. शेवटी तू खाली दोन रेघा मारून विचारलं आहेस, काखेतली गाठ दाखवलीस का? उत्तर देतेच, पण आधी आमच्या दवाखान्यात काय उलथापालथ झाली ते ऐक, म्हणजे माझी अडचण कळेल.

तुला ठाऊकच आहे, विद्यार्थ्यांच्या या दवाखान्यात पूर्वी तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळायची. तोवर सर्दी निघून गेलेली असायची आणि पोरगं आलोच आहे तर म्हणून वजन करून जायचं. मीही तीनदा वेळ घेतली (कर्मचाऱ्यांनाही इथंच दाखवता येतं) आणि तिन्ही वेळा मीच ती खोडून पुढे ढकलली. वेळा लिहायची वही माझ्या ताब्यात, खोडरबर माझ्या टेबलावर, दुसरं काय होणार? तीन आठवडे हाताशी असले की माणूस शहाण्यासारखं ‘वेळ घेतली आहे’ असं सांगत हिंडू शकतो.

मग मोठ्या डॉक्टरबाईंनी फर्मान काढलं, ज्या दिवशी फोन त्याच दिवशी तपासणी. रोज सकाळी आठला वहीचं पान कोरं. पहिल्या दिवशी गोंधळच झाला. पाटीवर ‘वेळ फोनवरच मिळेल’ असं लिहिलेलं, म्हणून सतरा पोरं माझ्या खिडकीसमोर उभी राहून मलाच फोन लावत होती. एक मुलगी काचेतून माझ्याकडे बघत फोनवर विचारते, “मॅडम, तुम्ही आहात का?” मी म्हटलं, आहे बाई, अजून तरी आहे.

साडेआठला पान भरलं. दुपारी एखादं खरंच तापानं फणफणलेलं लेकरू आलं तर त्याला कुठल्या तोंडानं परत पाठवू? म्हणून दिवसाची शेवटची, बारा वीसची वेळ मी रोज माझ्या नावावर अडवून ठेवायला लागले (परक्याचं नाव खोटं लिहिणं बरं नव्हे). हेतू चांगला होता. पण डॉक्टरबाई वही वाचतात हे मी विसरले. बारा वीसला दार उघडून म्हणाल्या, “या, आज तुम्ही ना?” मी म्हटलं, ही निकडीच्या पेशंटसाठी राखली आहे. “मग कुठे आहे तो?” मी उठले आणि कॅन्टीनमधून खोकणारी मुलगी हाताला धरून आणली (बिचारीला चहाचा ठसका लागला होता). दुसऱ्या दिवशी एक लंगडणारा मिळाला. त्याचे बूट नवे होते. तिसऱ्या दिवशी सगळी पोरं ठणठणीत, एक शिंकेल तर शपथ.

शेवटी मलाच आत जाऊन बसावं लागलं. काय होतंय, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, डोकं दुखतं. त्यांनी गोळी लिहून दिली. म्हणाल्या, “उद्याही मी इथंच आहे.”

डोकं दुखत नव्हतं, ताई. गाठही दुखत नाही, आणि त्याचीच भीती जास्त वाटते. आईचीही दुखत नव्हती. अंघोळीच्या वेळी हात तिथं गेला की मी मोठ्यानं पाढे म्हणते. ह्यांना वाटतं, मी पुतणीचा अभ्यास घेणार आहे.

बाकी आम्ही मजेत. भावोजींना नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. नव्या नियमात असं आहे की पेशंटच्या वतीनं नातेवाइकानं फोन केला तरी चालतो, आणि पान कोरं असताना आलेला फोन मला नाकारता येत नाही. सोमवारी बरोबर आठला लाव. मीच उचलीन. कोणासाठी, असं विचारीन, माझं नाव सांग. काय होतंय, असंही विचारीन (विचारावंच लागतं), ते तूच सांग. मी नुसतं लिहून घेईन.

आणखी एक. लिहिता लिहिता मी गप्प झाले तर लाइन तुटली असं समजून फोन ठेवू नकोस. जरा थांब.