पॉलीहाऊसमधली हवा

११ जानेवारी
आज पुन्हा! सनोबर सातच्या पाढ्यात अडकली. मागच्या वर्षी धडाधड म्हणायची. आज ‘सात त्रिक’ म्हणाली आणि डोकं धरून बसली. "आई, कपाळ ठणकतंय."

घर तापवायला गॅस येत नाही. घर बर्फासारखं. म्हणून पोर उबेला पॉलीहाऊसमध्ये अभ्यासाला बसते — काकडीच्या वेलांखाली, औषधाच्या डब्यांशेजारी. तिचा बाप हैतबोय तिथेच फवारतो, मग शेजारच्या मामासोलीबरोबर तिथेच सिगारेटी ओढतो. चहूकडून प्लास्टिक. जाणार कुठे ते सगळं?

१४ जानेवारी
शाळेत बोलावलं. बाई म्हणाल्या, "हुशार पोर हो! आता फळ्याकडे बघता बघता कुठेतरी हरवते. घरात भांडणं आहेत का?" नाही म्हटलं. घरी येऊन भांडले.

हैतबोय हसला. "अगं, बाबांच्या डोक्यावरून कापसावर औषध फवारणारं विमान जायचं. ऐंशी वर्षं जगले!"

"जगले हो. पण शेवटी स्वतःच्या हाताने घास घेता येत नव्हता."

दार आपटून गेला. हल्ली त्याचं डोकं लगेच फिरतं. असा नव्हता हा.

१९ जानेवारी
सनोबरला घेऊन शहरात, फरगान्याला गेले. त्याला सांगितलं, मावशीकडे जाते.

डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या, रशियन, फटकळ. डोळ्यांत बॅटरी मारली, रक्त घेतलं. "किडीच्या नसा लुळ्या पाडायचं औषध ते! तुम्हाला काय नसा नाहीत? श्वासातून रक्तात, रक्तातून मेंदूत. वर बापाचा धूर. ओढतो तो, पण जातो हिच्याही डोक्यात. वाढतं डोकं आहे, बाई! आजच बाहेर काढ हिला."

"बरी होईल?"

"लवकर काढलंस तर पुष्कळ आशा आहे."

बसमध्ये माझ्या मांडीवर झोपली. मी सारखी तिचा श्वास बघत होते.

२० जानेवारी
सांगून टाकलं. "मावशी डॉक्टर कधीपासून झाली?" — हे पहिलं वाक्य! मग, "वेलांना कीड लागलीय. आता हात आखडला तर अख्खं पीक जाईल."

मी तिच्या वह्या उचलून घरात आणल्या. दोन रजया, वर माझा कोट.

"पोर गारठेल!"

"गारठू दे. आणि तुम्हीही तोंडाला काही बांधत जा."

"मला काय धाड भरलीय?"

२१ जानेवारी
बोलत नाही. जेवला मात्र.

२७ जानेवारी
सात दिवस डोकं दुखलं नाही! आज सातचा पाढा म्हणाली. एकदाच अडखळली. मी रुमालाआड रडून घेतलं.

हैतबोय दारात उभा राहून ऐकत होता. पेटवलेली सिगारेट बाहेर टाकून आला.

२ फेब्रुवारी
दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते.

दुपारी मामासोली ओरडत आला — "वहिनी, धावा!" हैतबोय वेलांमध्ये पालथा. पाठीवरचा पंप गळत होता, सदरा औषधाने चिंब. तोंडाला फेस, छातीत घरघर. ओला रुमाल तोंडाला बांधून आम्ही दोघांनी त्याला ओढत बाहेर बर्फात आणलं. सदरा कात्रीने कापला, घागरी ओतल्या. सनोबर धावत आली. "लांब राहा!" मी अशी ओरडले की ती तिथेच खाली बसली.

अँब्युलन्सला चाळीस मिनिटं लागली. ओठ निळे पडले होते.

६ फेब्रुवारी
श्वासाची नळी काढली. डोळे उघडले! डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला. बाकीचं हळूहळू कळेल."

बाकीचं म्हणजे काय? विचारलं. ते पुढच्या खाटेकडे गेले.

१३ फेब्रुवारी
घरी आणला. दवाखान्यातल्यासारखाच इथेही दिवसभर झोपला. मामासोलीने प्लास्टिक टराटरा फाडून टाकलंय. वेल काळे पडलेत. पडू देत. माणूस आला!

१४ फेब्रुवारी
सकाळी चहा दिला. छातीवर हात ठेवून, अदबीने मान लववून हैतबोय म्हणाला, "तुमचे फार उपकार झाले, ताई. माझी मुलगी शाळेतून आली की आम्ही दोघं आमच्या घरी जाऊ. तिची आई वाट बघत असेल."