कंपनी या शब्दातली भाकर

आई, आज वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, कंपनी म्हणजे कारखाना, मग कंपनी देणे म्हणजे काय?" मी शब्दकोश उघडला. मूळ लॅटिन: 'कोम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे भाकर. एकत्र भाकर खाणारे ते सोबती, आणि ते जमले की कंपनी. व्यापार, कारखाना हे अर्थ मागाहून चिकटले. मुलींनी लिहून घेतलं. मला मात्र पुढे शिकवणं जड गेलं.

तू रोज बुटीबोरीला कामाला जायचीस ते 'कंपनीत'. आपल्या घरात त्या शब्दाला दुसरा अर्थ नव्हता. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा तू मला सोबत नेलंस. जेवायच्या वेळी बायका शेडखाली गोल करून बसतात, भाज्या इकडून तिकडे फिरतात, आणि तू मला घेऊन लांब नळापाशी बसतेस. मी विचारलं, "आपण तिकडे काहून नाही बसत?" तू डबा उघडत म्हणालीस, "त्यायले आपली जात मालूम झाली. आपल्या हातचं चालत नाही त्यायले. जेव तू." तुझ्या आवाजात राग नव्हता. त्यानेच मला रडू आलं.

मग एका संध्याकाळी तू हातपाय न धुताच स्वयंपाकघरात आलीस. "ते ओडिशाची नवीन पोरगी आहे न, ते आज सरळ माह्याजवळ येऊन बसली. बाकीच्या तिले म्हणे, वहाँ मत बैठ. ते म्हणे, भूख लगी है. अर्धी भाकर घेतली वं तिनं माह्या डब्यातली!" तू एवढी हसलीस की मी तव्यावर टाकलेली भाकर करपली. दुसऱ्या दिवसापासून तू दोन भाकरी जास्त थापू लागलीस. पुढे तिचं लग्न ठरलं, ती गावी गेली. भाकरी कमी झाल्या, तेव्हा मला कळलं.

तू गेलीस त्यालाही आता किती वर्षं झाली. शाळेत जेवायला मला सगळ्या जणी हाका मारतात. मी जाते, हसते, डबा पुढे करते. त्यातली एखादी सहज म्हणते, "नको गं, पोट भरलंय." तिचं खरंच भरलेलं असतं. तरी मी तिच्याकडे बघत राहते, आणि त्या दिवशी माझा डबा तसाच घरी परत येतो. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.