दुप्पट काढा

तीर्थरूप आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं आणि हो, केसांना तेलही लावते.

काल ताईचा फोन आला. आमच्या प्रयोगशाळेत गुळवेलीच्या अर्कात रक्तातल्या पांढऱ्या पेशी छान वाढल्या, असं मी मागच्या पत्रात लिहिलं आणि तू त्या दिवसापासून बाबांचा गुळवेलीचा काढा दुप्पट केलास म्हणे! अगं, मी अर्धंच लिहिलं होतं. थेंबभर अर्कात पेशी वाढल्या, हे खरं. तोच अर्क दुप्पट घातला, तर सकाळी बशीत एकही जिवंत नव्हती. तुला घोर लागेल म्हणून तेवढं गाळलं. चूक माझीच.

काचेच्या बशीतल्या पेशी म्हणजे बाबा नव्हेत, कळतं मला. तरी काढा आजच थांबव आणि डॉक्टरांना सगळं सांग. रागावले तर खुशाल माझ्यावर ढकल. कडू तोंड टळलं म्हणून बाबा तर खूशच होतील.

त्यांच्या रक्ताचा नवा रिपोर्ट आला का? पांढऱ्या पेशी किती आहेत? ‘सगळं ठीक आहे’ असं लिहू नकोस. तसं लिहायला मी तुझ्याकडूनच शिकले आहे.

आकडा लिही.

तुझीच,
धाकटी