पाळकीणबाईंचा घसा

रविवार, ५ ऑक्टोबर

माझ्या वर्गात नऊ. तिच्या वर्गात एकतीस!

मुद्दाम मोजले नाहीत — बरं, मोजले. प्रार्थना चालू असताना एक डोळा उघडा ठेवून मोजले. मुलांना मात्र दर रविवारी सांगते, डोळे घट्ट मिटा.

एकतीस जण खोलीत मावत नाहीत, म्हणून ती त्यांना चर्चच्या मागे लिंबाखाली बसवते. ती म्हणजे प्रियांका, नव्या पाळकसाहेबांची बायको. परभणीहून बदलून आले त्याला सहा महिने झाले, आणि हिने लहानांचा वर्ग घेतला त्याला चार. लहान तिच्याकडे, मोठे माझ्याकडे असं ठरलं होतं. आता माझे मोठेसुद्धा ‘टीचर, पाणी पिऊन येतो’ म्हणून जातात आणि लिंबाखाली सापडतात. चुडाव्याची दोघं पॅसेंजरने येतात, ती तर सरळ तिकडेच जाऊन बसतात.

चोवीस वर्षं झाली मला संडे स्कूल घेऊन. गोष्ट संपली की मी विचारते, ‘यावरून देव कसा आहे?’ मुलं एका सुरात ओरडतात — दयाळू! न्यायी! विश्वासू! भिंतीवर माझ्या हातचा तक्ता आहे. आज पाहिलं तर त्याचा एक कोपरा सुटलाय. कोणी चिकटवला नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज तिने योनाची गोष्ट सांगितली. मोज्यांच्या बाहुल्या करून! मासा म्हणजे पाळकसाहेबांचा राखाडी मोजा. योना त्यात कोंबला आणि तीन दिवसांनी ‘ऑक्’ करून बाहेर काढला. पोरं लोळून हसत होती. माझ्या खोलीपर्यंत आवाज, आणि मी इकडे दहा आज्ञा घेतेय.

वर्ग सुटल्यावर राजेश्री धावत आली. पाळकांच्या शेजारच्या घरातली, नऊ वर्षांची, जीभ जन्मतःच धार लावलेली. ‘टीचर, योना शेवटी रुसून बसला व्हता! तुमी ते कधी सांगितलंच न्हाई!’

नाही सांगत मी. योना निनवे शहराला जातो, लोक पश्चात्ताप करतात, देव त्यांना माफ करतो — तिथे मी थांबते. पुढे तो शहराबाहेर जाऊन रुसतो, वेल उगवतो, वाळतो, ते मुलांना कशाला? देवाचा सेवक असा वागला हे काय शिकवायचं? मी राजेश्रीला म्हटलं, ‘ते मोठ्यांसाठी असतं.’

ती म्हणाली, ‘आमी लहानांनी तर ऐकलं.’

शनिवार, १८ ऑक्टोबर

जेवताना प्रियांकाबद्दल दोनच वाक्यं बोलले. हे म्हणतात बारा. मग पाण्याचा तांब्या खाली ठेवून म्हणाले, ‘तुझ्यात अन् शौल राजात फरक एवढाच, तुझ्या हातात भाला न्हाई.’

लोक एका तरुण पोराचं कौतुक करतात म्हणून शौलाने त्याच्यावर भाला फेकला होता. मी ताट उचललं. रेल्वेच्या फाटकावर आयुष्य काढलेला माणूस, मला बायबल शिकवतो!

बुधवार, २२ ऑक्टोबर

शेजारच्या धुरपताबाई फराळाचं ताट घेऊन आल्या. करंज्या छान. पण बसल्या आणि म्हणाल्या, ‘तुमच्या नव्या पाळकीणबाई लय ग्वाड हायती बगा. रस्त्यात थांबून बोलल्या.’

धुरपताबाईसुद्धा!

रविवार, २६ ऑक्टोबर

उपासनेनंतर कमिटी बसली. ९ नोव्हेंबरला बालरविवार. त्या दिवशी सगळ्या मंडळीसमोर मुलांना गोष्ट सांगायची असते, आणि ती चोवीस वर्षं मीच सांगते. मी तर गोष्टही ठरवून गेले होते.

सेक्रेटरी रंगनाथभाऊ वही मिटत म्हणाले, ‘यंदा गोष्ट पाळकीणबाई सांगतील. योनाचीच सांगा, पोरांना लय आवडली. टीचर, तुमी आता आराम करा. किती दिवस करायलाय!’

आराम! मी काय अंथरुणाला खिळलेय? मी म्हटलं, ‘चांगलंच आहे की!’ इतकं गोड म्हटलं की माझं मलाच कसंतरी झालं. प्रियांकाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. नंतर ‘काकू’ म्हणून हाक मारली, तर मी सतरंज्या गोळा करायला निघून गेले.

घरी येऊन रडले. खरं तेच लिहिते — मला तिचा हेवा वाटतो. तिच्या आवाजाचा, त्या दळभद्री मोज्यांचा, मुलं तिच्या अंगाखांद्यावर लोंबतात त्याचा. माझ्या अंगाखांद्यावर कोणी लोंबलं नाही कधी. मला मूलबाळ नाही, ही नऊ-दहा-वीस पोरं हीच काय ती.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

आज जी प्रार्थना केली ती इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.

‘प्रभू, तिचा घसा बसू दे. फार नको, बालरविवारपुरता.’

आमेनसुद्धा म्हटलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

बसला! घसा बसला!

सकाळी पाळकसाहेब स्वतः गाडीवर आले. ‘सलाम, काकू. हिचा आवाज पार बसलाय हो कालपासून. एक शब्द फुटत नाही. रविवारी गोष्ट तुम्हीच सांगा, तीच म्हणाली — म्हणजे, पाटीवर लिहून दिलं तिनं.’

आधी आनंद झाला. लपवत नाही. पाळकसाहेब फाटकापर्यंत जाईतो आनंदच होता. मग शुक्रवारची प्रार्थना आठवली. मी मागितलं आणि झालं! चोवीस वर्षं मुलांना शिकवलं, देव दयाळू आहे, देव प्रार्थना ऐकतो. आणि ऐकायला त्याला माझी हीच सापडली?

बुधवार, ५ नोव्हेंबर

अडुळशाचा काढा करून घेऊन गेले. माझा काढा म्हणजे — हे तो माझी पाठ वळताच मोरीत ओततात. तिने पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला तो रिकामाच. पाटीवर लिहिलं, ‘थँक्यू काकू. आता बरं वाटतंय.’ गळ्याला मफलर. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

पाटी राजेश्रीची, म्हणून राजेश्रीही तिथेच. मध्येच म्हणते, ‘टीचर, कुनी वाईट मागितलं तर देव देतो का? दादानं मागितलं, माझी सायकल पंक्चर होऊ दे. झाली की!’

मी म्हटलं, ‘देव असं कधी देत नाही.’ त्या मफलरसमोर म्हटलं!

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काढा, दुसरा पेला. घसा तसाच.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

तिसरा. मध थोडा जास्त घातला. घसा तसाच. प्रभू, माझे शब्द परत घेते. मला नको ती गोष्ट, तिचा आवाज दे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

चौथा पेला. आज तिथे बसून सांगूनच टाकणार होते. ‘प्रियांका, हे माझ्यामुळे झालं’ इथपर्यंत आले. तिने घाईघाईने पाटी पुढे केली — ‘काकू, उद्या गोष्ट शेवटपर्यंत सांगा हं.’ मग पाळकसाहेब आले आणि माझं धैर्य गेलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळी पाचवा पेला देऊन मगच चर्चमध्ये गेले.

चर्च भरलं होतं. मी बाहुल्या घेतल्या नाहीत, मला त्या येत नाहीत. नुसती उभी राहिले आणि सुरुवात केली. जहाज आलं, वादळ आलं, मासा आला. मुलं गप्प बसून ऐकत होती. मोठी माणसंही. माझा आवाज अजून आहे बरं! निनवेचे लोक रडले, देवाने माफ केलं. आता माझा प्रश्न विचारणार, तोच पहिल्या रांगेतून राजेश्री ओरडली, ‘टीचर, वेल राहिला!’

लोक हसले. मी तिसऱ्या रांगेत पाहिलं. प्रियांका मफलर गुंडाळून बसली होती. ती हसत नव्हती.

मग सांगितलं. म्हटलं, मुलांनो, योना शहराबाहेर जाऊन गाल फुगवून बसला. का? तर देवाने दुसऱ्यांवर माया केली म्हणून! त्या लोकांचं वाईट झालं असतं तर ह्याला बरं वाटलं असतं. एवढा मोठा संदेष्टा, आणि मन इवलंसं. मी तुम्हाला हे चोवीस वर्षं सांगितलं नाही, कारण मला योनाची लाज वाटायची. मग विचारलं, देव त्याच्यावर ओरडला असेल? मुलं म्हणाली, हो! मी म्हटलं, नाही. ऊन लागत होतं त्याला, म्हणून देवाने आधी त्याच्या डोक्यावर वेल उगवला. रुसून बसलेल्याला सावली केली. तो वेल वाळला तेव्हा योना पुन्हा चिडला, आणि देवाने त्याला एवढंच विचारलं — तुला एका वेलाची कीव येते, मग मला एवढ्या माणसांची येऊ नये?

ही सावली मी इतक्या वेळा वाचली होती, पण नीट पाहिली नव्हती. शेवटचा प्रश्न विचारायचा राहूनच गेला. योनाने काय उत्तर दिलं, म्हणून चुडाव्याच्या पोराने विचारलं. म्हटलं, ते पुस्तकात लिहिलेलं नाही.

बाहेर आल्यावर रंगनाथभाऊ म्हणाले, ‘टीचर, आराम म्हनलं ते माघारी घ्यायलोय.’ चार-पाच पोरं माझ्या पदराला धरून होती. प्रियांकाने येऊन मिठी मारली, ओठ हलवले, आवाज नाही. माझ्या गुन्ह्याची साक्ष माझ्याच गळ्यात पडली होती. उद्या सांगणार. काहीही होवो, उद्या सांगणारच.

सोमवार, १० नोव्हेंबर

तिच्याकडे जायला निघाले, तर फाटकातच राजेश्री. म्हणे, ‘टीचर, रविवार झाला ना, आता सांगते. प्रियांका टीचरचा घसा कुठं बसला व्हता! गुरवारी आमची शेळी त्यांच्या मेथीत शिरायली, तर केवढ्यानं वरडल्या! मग मला म्हनल्या, रविवारपर्यंत कुनाला सांगू नकोस, काकूला तर बिलकुल न्हाई.’

म्हणजे देवाने माझं ऐकलंच नव्हतं.

पाच पेले. माझ्या हातचा अडुळशाचा काढा. तोंडसुद्धा वाकडं न करता प्यायली ती.