गालावरचा उजेड

वैशाली नगर, भिलाई

प्रिय रीना,

फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणत मला गुंडाळतेस, म्हणून हा कागद. कॅमेरा विकायला काढलास हे तुझ्या बापाकडून कळलं. सुगत दाढी करत होता. नळ गेल्याची बातमी सांगावी तशी त्यानं ही सांगितली. रायपूरचा तो स्टुडिओवाला म्हणे नवरीचा फोटो बघून ‘थोडा गोरा कर दो’ म्हणाला, तू केलं नाहीस, आणि त्यानं पुढच्या लग्नाला तुला नेलं नाही. त्यावरून तू ठरवलंस की आपल्याला फोटो काढताच येत नाही. वा! पाहुण्यानं ठेच्यात साखर मागितली म्हणून सुगरणीनं चूल मोडावी, असला हा न्याय.

तुला येतं की नाही ते मी सांगते. मी तिथं होते.

बुद्धपौर्णिमा आठव. आपल्या भिलाईतला मे महिना, भर दुपार, वंदना आटोपलेली. विहाराची नुकतीच चुना मारलेली भिंत आणि तिला पाठ लावून सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांत. नव्या कॅमेऱ्याच्या उत्साहात तू धडाधड काढत सुटलीस. मग सगळ्या तुझ्याभोवती जमून बघतात तर साड्या सुंदर, चेहरे गायब. एवढं पांढरं बघून कॅमेऱ्याला वाटलं उजेड फार झाला, आणि त्यानं सगळ्यांनाच अंधारात ढकललं. जयाकाकू म्हणाली, “वा वं पोरी, साड्याच आल्या वाटते विहारात, आमी घरीच राह्यलो.” तू उजेड वाढवलास, तर साड्यांच्या चुण्या पुसल्या गेल्या आणि डोळ्यांच्या जागचे काळे खड्डे तसेच राहिले. तुझा चेहरा रडवेला झाला होता. मला सांत्वन वगैरे जमत नाही, म्हणून मी आणखी थोडी खीर वाढून घेतली.

पण तू कॅमेरा पिशवीत टाकला नाहीस. घरी निघालेल्या तुझ्या आजीला, माझ्या आईला, परत ओढत आणलंस. दाराच्या आत, उंबरठ्यालगतच्या सावलीत तिला बसवलंस, तोंड बाहेर. आत बसायला अंथरलेली पांढरी चादर उचलून नेलीस आणि तिच्यापुढे बाहेर उन्हात पसरलीस. मग त्या मेल्या उन्हाला चादरीवर आपटून, नरम होऊन, आईच्या चेहऱ्याकडे वळण्याशिवाय गत्यंतर राहिलं नाही. मागं नुसता आतला काळोख. कॅमेऱ्याला तू साडीचा उजेड विचारलाच नाहीस. अगदी जवळ जाऊन फक्त तिच्या गालावरचा उजेड मोजलास, तेवढंच माप धरून ठेवलंस आणि मागं सरलीस. आई कुरकुरत होती, “मले कायले बसवून राह्यली वं? मी रोजच पायते ना आरशात.” आणि तू तापलेल्या फरशीवर अनवाणी, या पायावरून त्या पायावर नाचत, “आजी, हिलू नको ना, बस एक मिनट!”

तो फोटो आता आमच्या बैठकीत आहे. आई काळी आहे, फोटोतही काळीच आहे. पण त्या काळ्यात किती रंग आहेत! कपाळावर तांब्याची झाक, गालाच्या हाडावर उजेडाची बारीक रेघ, आणि पदराची चुणी न चुणी जागच्या जागी. शेजारचे मारोतराव फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, “कलाबाई, तू अशी दिसते हे मले ठाऊकच नवतं.” आई म्हणाली, “सारा जनम शेजारी राह्यला, मान वर केली असती तं दिसली असती.”

आता एक गोष्ट, जी तुझ्या बापाला ठाऊक आहे पण तो सांगणार नाही. माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा बाजारातल्या फोटोवाल्यानं माझा फोटो काढला आणि असा उजळला की मीच ओळखलं नाही. तो फोटो गोंदियाला गेला. पाहुणे आले. मुलाच्या आईनं फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. “फोटोतली पोरगी कुठी हाय?” आमची आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. म्हणाली, “थे तं फोटोवाल्याच्या घरी राह्यते. तिकडंच जा.” आणि ट्रे परत आत घेऊन गेली. चहा आम्ही मायलेकींनीच प्यायला. त्या दिवशी मला आईचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा परत कोणाचाच वाटला नव्हता. म्हणजे, त्या पौर्णिमेपर्यंत. पण कॅमेऱ्यासमोर मात्र मी त्यानंतर उभी राहिले नाही. वर्तमानपत्रात बाकीच्यांच्या लेखाशेजारी त्यांची तोंडं छापतात. माझ्या लेखाशेजारी एका दौतीचं चित्र असतं.

माझ्या त्या तिखट लेखांचं पुस्तक निघतंय, रीना. मागच्या पानासाठी प्रकाशकाला माझा चेहरा हवा आहे. दौत पाठवते म्हटलं, तर ऐकेना. आणि खरं सांगू, या खेपेला मलाही दौत नको आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ये. मी पांढरीच साडी नेसणार, आणि भर दुपारीच बसणार. तुला सोपं करून देणार नाही. चादर आईनं धुऊन ठेवली आहे. तिच्या फोटोतले डोळे तू कधी नीट बघितलेस का? मी भिंग लावून बघितले. दोन्ही बुबुळांत उजेडाचं एक इवलं दार आहे, आणि त्या दारात कॅमेरा घेऊन उभी असलेली तू. माझ्याही डोळ्यांत तेवढं आलं पाहिजे. दुसऱ्या कोणाच्या कॅमेऱ्यासाठी मी उंबरठ्यात बसणार नाही, तेव्हा तुझा कॅमेरा विकायचा नाही.

तुझीच,
पावडरीला हात न लावता येऊन बसणारी
शालू आत्या