टोचनवालीचा पट्टा, दोन शॅकल आणि बाकीची मिळकत

मी, शेवटी सही करणारी, वय वर्षं एकोणसत्तर, धंदा रुतलेल्या गाड्या ओढून काढणे, सगळ्या गावात टोचनवाली म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी हे कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. उलट गेली तीस वर्षं लोकच माझ्या दबावाखाली आहेत आणि तरीही कोणी ऐकत नाही, हीच माझी तक्रार आहे. वकीलसाहेबांनी टाईप करून आणलेला मसुदा रद्द समजावा. त्यात सगळं होतं, फक्त मी नव्हते.

कलम १. माझे यजमान, हयात असताना गॅरेजचे मिस्त्री, नऊ वर्षांपूर्वी हृदयविकाराने वारले. मला एक मुलगी, ती दातांची डॉक्टर आहे. माझा धाकटा भाऊ बावीस वर्षांपूर्वी गेला. त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, आणि त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तेव्हापासून माझ्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात. याखेरीज कोणी वारस म्हणून उगवला तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

कलम २. राहतं घर माझ्या पश्चात लेकीच्या मालकीचं होईल. मात्र वरच्या दोन्ही खोल्या भावजयीने तहहयात वापराव्यात आणि लेकीने त्यास हरकत घेऊ नये. ती घेणार नाही, हे मला माहीत आहे. वकीलसाहेब म्हणाले लिहा, म्हणून लिहिलं. जिन्याची तिसरी पायरी हलते. ती यजमान "उद्या करतो" म्हणाले होते. आता लेकीने करून घ्यावी.

कलम ३. बँकेत जे काही निघेल ते लेक आणि भावजय यांनी निम्मं निम्मं घ्यावं. त्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

कलम ४. गॅरेजची शेड, ऑइलने काळं पडलेलं लांब टेबल, लोखंड आवळून धरायचा व्हाइस आणि पान्यांचा फळा हे सगळं समोरच्या वेल्डरला चालवायला द्यावं. वेल्डर माणूस चांगला आहे. पण माझा मोठा जॅक त्याने एका दुपारपुरता नेला, त्याला सात वर्षं झाली. विचारलं की म्हणतो, "ताई, तो तुमचाच आहे." माझाच आहे हे मलाही ठाऊक आहे, तो माझ्याकडे का नाही एवढंच मी विचारत असते. तो जॅक मी त्याला या कलमान्वये देऊन टाकते, म्हणजे निदान कागदावर तरी माझा शब्द शेवटचा राहील.

कलम ५. आता मुख्य विषय. चारही चाकांनी ओढणारी माझी जुनी जीप भाच्याला मिळावी, पण अटीवर. गाडी ओढून काढायचं साधं, पहिल्या पायरीचं सामान त्याने स्वतः जमवून, स्वतः तपासून एका पिशवीत भरलेलं असलं पाहिजे. तोवर जीपची चावी लेकीकडे राहील. या सामानाची यादी मी त्याला आजवर चार वेळा लिहून दिली. पहिली त्याने हरवली. दुसरीने त्याच्या आईने फ्रीजखालचं पाणी पुसलं. तिसरीचा त्याने फोटो काढला आणि "सेव्ह केली, आत्या" म्हणाला. चौथीच्या वेळी तो मला दोन हात जोडून म्हणाला की आत्या, पाठ झालंय. मी म्हटलं, म्हणून दाखव. त्याला दोन वस्तू आठवल्या, त्यातली एक चुकीची.

पाचव्यांदा लिहिते. सरकारी कागदावर आहे, हा तरी हरवू नये.

लवचिक पट्टा एक. हा ताणला की थोडा लांबतो आणि झटका स्वतः खातो. टोकांना लोखंडी हुक शिवलेला स्वस्तातला दोर म्हणजे पट्टा नव्हे, ते हत्यार आहे. त्यानंतर शॅकल दोन. शॅकल म्हणजे नालासारखी जाड कडी, तोंडाला आडवा स्क्रूचा पिन. तिच्यावर ती किती वजन पेलते तो आकडा कोरलेला असलाच पाहिजे. आकडा नाही, तर ती कडी कुत्र्याच्या साखळीला लावावी. गाडीचं वजन माणसं आणि सामान धरून मोजावं आणि पट्टा त्याच्या दुप्पट-तिप्पट ताकदीचा घ्यावा. जाड कातडी हातमोजे. लहान दांड्याचं फावडं, कारण दहातल्या सहा गाड्या ओढाव्याच लागत नाहीत, चाकापुढची माती काढली की निघतात. पण खणायला लाज वाटते ना सगळ्यांना! टायरची हवा मोजायचं मीटर आणि हवा भरायचा छोटा पंप, कारण वाळूत हवा कमी केली की उरलेल्या चारातल्या दोन निघतात. चाकाखाली घालायच्या दोन खडबडीत फळ्या. आणि ताणलेल्या पट्ट्याच्या मधोमध टाकायला एक जुनं जड ब्लँकेट, म्हणजे काही तुटलंच तर ते उडण्याऐवजी खाली पडेल.

एवढंच. हे सगळं एका पिशवीत मावतं आणि ती पिशवी सीटखाली मावते.

भाच्याने काय घेतलं तेही नोंदवून ठेवते. टपावर आठ दिवे. टपावर तंबू. पुढच्या बाजूला वायर गुंडाळायचं विंच, जे त्याने अजून एकदाही चालवून पाहिलेलं नाही. दारावर डोंगराचं स्टिकर. आणि ऑनलाइन मागवलेलं, झाकणावर चित्र छापलेलं एक "संपूर्ण किट", ज्यातल्या कड्यांवर आकडा नाही आणि दोराला हुक आहेत. मी ते हातात घेतलं तेव्हा मला त्याचं वजनच लागलं नाही. मी त्याला म्हटलं, हे फेकून दे. तो हसला.

कलम ६. काम करण्याची माझी एक पद्धत आहे, ती गावात टिंगलीचा विषय आहे. ओढण्याआधी मी गाडीतून उतरते आणि मोठ्याने तीन प्रश्न विचारते: पुढे कोण, मागे कोण, कशाला अडकवलंय? ज्याने अडकवलं त्याने बोट ठेवून उत्तर द्यायचं. उत्तर मिळाल्याखेरीज मी गिअर टाकत नाही. मोठमोठे साहेब चिखलात उभे राहून बोट ठेवून उत्तर देतात आणि माझ्यामागे मला नावं ठेवतात. खुशाल ठेवा. ही पद्धत मी भाच्याच्या नावे करते. बावीस वर्षांपूर्वी ती माझ्याकडे नव्हती.

कलम ७. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

गेल्या रविवारचा व्हिडिओ भाच्याने मला स्वतः दाखवला, कौतुकाने. नदीच्या पात्रात एक गाडी रुतली आहे, हा ओढतो आहे. त्याच बिनआकड्याच्या कड्या. ताणलेल्या दोराच्या हातभर अंतरावर तिघं उभे आहेत आणि हसत आहेत. मी बोलायला लागले तर तो मला मध्येच थांबवून म्हणाला, "आत्या, बाबांनी केलं ते मी कधी करणार नाही. मी त्यांच्याइतका बेफिकीर नाही."

येत्या रविवारी तो सहा गाड्या घेऊन त्याच पात्रात जाणार आहे. कोणी रुतलं की ओढायचं काम त्याचं. ती माणसं त्याच्या भरवशावर जातात. मी कानीकपाळी ओरडून थकले आणि मग मला कळलं, तो माझं का ऐकत नाही. त्याच्या हिशेबी त्याच्या बाबांना झाला तसा अपघात बेफिकीर माणसालाच होतो. आणि हे त्याला आम्हीच शिकवलं.

म्हणून जे घडलं ते लिहिते. बावीस वर्षांपूर्वी त्या दिवशी सकाळी भावाची गाडी पात्रातल्या खालच्या वाटेवर रुतली. त्या वाटेने जाऊ नको म्हणून मी त्याला आदल्या दिवशी दोनदा सांगितलं होतं. मी माझी गाडी घेऊन गेले ती भांडतच. पट्टा अडकवायची खरी जागा माझ्या गाडीच्या मागे होती, आडवा पिन सरकवून लावायची. पिन चिखलाने आणि गंजाने बसला होता. हातोडी भावाच्या गाडीत होती. तीस पावलं चालत जाऊन त्याच्याकडे हातोडी मागायची मला जिवावर आली, कारण मी चिडलेली होते. म्हणून ट्रेलर जोडायचा जो गोळा मागे असतो, त्याच्यावर मी पट्ट्याचा फास टाकला. तो गोळा ट्रेलर सावकाश ओढायला असतो, झटका खायला नसतो. हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. एकदाच, म्हटलं. एकदाने काय होतंय.

तिसऱ्या झटक्याला गोळा तुटला आणि ताणलेल्या पट्ट्याने तो मागे फेकला. भावाच्या गाडीच्या समोरच्या काचेतून तो आत गेला. भाऊ स्टिअरिंगवर बसलेला होता.

निरोप मिळून धावत आलेले यजमान माझ्याआधी सावरले. पंचनाम्याला आलेल्या हवालदाराला त्यांनी सांगितलं की पट्टा भावानेच अडकवला होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, गेलेल्याला आता काय फरक पडतो, तू तरी राहा. मी मान हलवली. तेवढीच हलवली, पण बावीस वर्षं ती तशीच राहिली.

पट्टा मी अडकवला होता. भाऊ बेफिकीर नव्हता. त्या दिवशी त्याच्या गाडीकडचं टोक त्याने बरोबर जागी, बरोबर कडीने लावलं होतं. ते टोक तसंच शाबूत राहिलं, मी स्वतः सोडवलं. या धंद्यात माझ्याइतकी काटेकोर बाई दुसरी नाही, असं लोक म्हणतात. त्या काटेकोर बाईने हे केलं.

कलम ८. इथवर वाचून वकीलसाहेब म्हणाले की कलम पाचची अट अंमलात यायला आधी आपण वारलं पाहिजे. आज शुक्रवार आहे. रविवार परवा आहे. मी काही तोवर मरत नाही, माझी साखरसुद्धा ताब्यात आहे. बाई, इतकी अक्कल मला चार दिवसांत सुचू नये!

म्हणून मी भावजयीला आणि भाच्याला खाली बोलावलं आणि कलम सात वाचून दाखवलं. चष्मा लावून, एकही शब्द न गाळता, वकीलसाहेबांच्या समोर. त्यानंतर जे झालं तेही मृत्युपत्रात घालता येतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, तुम्ही घालणारच आहात.

भाचा उठून बाहेर शेडमध्ये गेला. मला वाटलं, गाडी काढून निघून जाईल. पण तो आपली ती चित्राची पेटी घेऊन आत आला आणि त्याने ती जमिनीवर उलटी केली. एकेक कडी उचलून उजेडात धरून आकडा शोधायला लागला. सगळ्या पाहून झाल्यावर त्याने विचारलं, "यातलं काय ठेवायचं?"

मी म्हटलं, "काही नाही."

त्याने फोन काढला आणि रविवारची सहा माणसं इकडे शेडवर यायला सांगितली, आपापलं सामान घेऊन. नदीवर कोणी जायचं नाही, आधी आत्या सगळं तपासणार आहे, असं तो प्रत्येकाला सांगत होता. माझ्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही. पाहावं अशी माझी अपेक्षाही नाही. माझा स्वतःचा पट्टा आणि आकडा कोरलेल्या दोन शॅकल मी त्याच्यापुढे ठेवल्या. या दोन वस्तू आजच हातोहात दिल्या आहेत, सबब त्या मिळकतीतून वगळाव्यात.

भावजय सगळा वेळ दाराशी उभी होती. तिला मी बस म्हटलं, ती बसली नाही. भाचा फोनवर बोलत बाहेर गेला तेव्हा ती म्हणाली, "बावीस वर्षं मी त्यांच्यावर चिडून आहे. लेकराला टाकून गेले, स्वतःच्या हाताने गेले, म्हणून. त्यांच्या फोटोला मी एकदाही हात जोडले नाहीत. आता हे मी कुणाला सांगू?"

ती वर गेली.

कलम ९. कलम दोनमधला "तहहयात" हा शब्द मी खोडते. वरच्या दोन्ही खोल्या पूर्ण मालकीने भावजयीच्या आहेत. याने काहीही फिटत नाही, हे मला कळतं. माझ्या लेकीने हे मृत्युपत्र वाचल्यावर आपल्या वडिलांना दोष देऊ नये. मान मी हलवली होती.

हे सर्व मी वाचून, समजून, राजीखुशीने लिहिलं आहे. खाडाखोड आहे तिथे माझीच सही आहे.

लिहून ठेवणार : टोचनवाली (सही)

साक्षीदार १ : समोरचा वेल्डर (सही). कलम चार वाचलं, जॅक उद्या आणून देतो.

साक्षीदार २ : वकीलसाहेबांच्या ऑफिसातल्या टायपिस्टबाई (सही)

कलम सात वाचून दाखवल्याबद्दल :
भाचा (सही)
भावजय : ही जागा कोरी आहे. ती कोरीच ठेवावी, तिच्याकडे कोणी कागद घेऊन जाऊ नये.

ठिकाण : गॅरेजमागची खोली
दिनांक : ९ ऑक्टोबर २०२६, शुक्रवार